कॅमस्टरचा बोळ आणि आमच्या गोदामातल्या पादुका

दगड समोर आला की माझा हात आधी त्याच्या कडेवर जातो. पदर किती आहेत, पदर सुटा आहे का घट्ट, पाणी मारलं तर बारीक रेघ उमटते का, हे बघायची सवय आता तीस-पस्तीस वर्षांची झाली, कारण आमचं इंदूरला फरशीचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं, मुख्य माल कोटा, आणि कोट्याचा सगळा हिशोब पदरांवर असतो, पदर सरळ सुटला तर लादी, नाही सुटला तर भरावात. म्हणून गेल्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला, पाच हजार वर्षांपेक्षा जुन्या एका कबरीच्या तोंडाशी गुडघे टेकून बसलो तेव्हाही सगळ्यात पहिले मी भिंतीतल्या एका दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. दगड ओळखीचा वाटला. म्हणजे कोटा नव्हे, कोटा चुनखडीचा आणि हा वाळूचा, पण सुटायची तऱ्हा अगदी तीच.

झालं असं की लेक इन्व्हर्नेसला नर्स आहे, तिच्याकडे आम्ही दोघं महिनाभर राहायला गेलो होतो. एका रविवारी ती म्हणाली बाबा तुम्हाला किल्ले-बिल्ले नको, तुम्हाला दगड दाखवते. गाडीनं समुद्राच्या काठाकाठानं वर गेलो, लिब्स्टर म्हणून छोटं गाव लागलं, तिथून एक अरुंद रस्ता आत वळतो, समोरून गाडी आली तर एकानं बाजूला थांबायचं असा, आणि सात-आठ किलोमीटर गेल्यावर उघड्या माळावर दोन करड्या टेकड्या दिसतात. जवळ गेलं की कळतं टेकड्या नाहीत, रचलेला दगड आहे. तिकडे याला केर्न म्हणतात. ही कॅमस्टरची केर्न, नवाश्मयुगातली, म्हणजे लोखंड सोडा, तांबंही तिकडे पोचलं नव्हतं तेव्हाची. तिकीट नाही, खिडकी नाही, चौकीदार नाही. रस्त्यापासून ढिगाऱ्यापर्यंत लाकडी फळ्यांची पायवाट टाकलेली, कारण खाली सगळी दलदल, पाय टाकला की चर्र करून पाणी वर येतं. लांबवर पवनचक्क्या फिरत होत्या, ही म्हणाली देवासच्या टेकडीसारखं वाटतंय ना, आणि खरंच क्षणभर वाटलं.

दोन आहेत, एक गोल आणि एक लांब. लांब केर्न साठ मीटरच्या वर आहे, आधी दोन वेगवेगळ्या गोल कबरी होत्या आणि नंतरच्या लोकांनी त्या दोन्ही एका लांब ढिगात घेतल्या, दोन्ही टोकांना शिंगांसारख्या भिंती काढून मधे अंगण सोडलं. ते सगळं भव्य आहे पण मला बोलायचंय ते गोल केर्नबद्दल.

गोल केर्न साधारण अठरा मीटर व्यासाची आणि पावणेचार मीटर उंच. एका बाजूला तोंड आहे, तोंडाला लोखंडी जाळीचं दार, मेंढ्या आत जाऊ नयेत म्हणून, आपण उघडायचं आणि जाताना आठवणीनं लावायचं एवढाच तिथला नियम. आत बोळ, सहा एक मीटर लांब, उंची एक मीटरसुद्धा नाही. उभ्यानं जाताच येत नाही, ओणवंही नाही, हातापायांवर रांगत जायचं. लेक पुढे, मी मागे, ही बाहेरच थांबली. दोन्ही खांदे दगडाला घासत होते आणि जसजसं आत जावं तसा बाहेरचा वारा एकदम बंद झाला, इतका बंद की आपला श्वास आपल्याला ऐकू यायला लागला. मग अचानक डोक्यावरचं छत नाहीसं झालं आणि मी उभा राहिलो.

आता हे मला नीट सांगायचंय कारण मला वाटतं जो रोज दगडात असतो त्यालाच ते जास्त लागतं. आतली खोली लहान आहे, उभ्या पाटांनी तिचे कप्पे पाडलेत, हे पाट माणसापेक्षा थोडे कमी-जास्त उंचीचे, नुसते जमिनीत रोवलेले. त्यांच्या मधल्या भिंती आडव्या फरश्यांच्या, एकावर एक, चुना नाही, माती नाही, काहीच नाही. खांद्याच्या उंचीपर्यंत भिंत सरळ आणि मग प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत आणलेला. बोटभर, दोन बोटं, कुठे चार बोटं. चारी बाजूंनी असं सरकवत सरकवत वर भोक लहान होत जातं. कमान नाही, कमानीला चावीचा दगड लागतो, आधाराचा साचा लागतो. इथे साचा कशालाच लागला नसणार, कारण प्रत्येक दगडाचं शेपूट मागे ढिगात गाडलेलं आहे आणि वरच्या शेकडो टन दगडांनी ते दाबून धरलंय, त्यामुळे पुढचं नाक हवेत राहूनही पडत नाही. आमच्याकडे जिन्याच्या भिंतीत पायरी खोचतात ना, एक टोक भिंतीत आणि दुसरं मोकळं, तेच गणित. आपल्या जुन्या देवळांच्या छतातही ते आहे. म्हणजे बाहेरून जो नुसता ढिगारा दिसतो तो ढिगारा नाहीच, तो आतल्या खोलीचा भार आहे, ढिगारा कमी केला तर खोली पडेल. हे तिथे उभं राहून कळलं तेव्हा माझे डोळे भरून आले, लेकीनं मोबाइलचा टॉर्च माझ्याकडे केला आणि काही न बोलता परत भिंतीवर केला.

दगड असा मिळाला म्हणून हे जमलं हेही खरं. तिथला फरशीचा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड सरोवराच्या तळाचा गाळ, थरावर थर बसून घट्ट झालेला, पहारीनं उचकला की पाटच्या पाट निघतात. एकोणिसाव्या शतकात हाच दगड जहाजांत भरून लंडन-एडिंबऱ्याच्या फुटपाथांना गेला, त्या भागाची मोठी कमाई होती ती. आपल्या माळव्याचा काळा दगड लाव्हाचा, त्याला पदर नाही, तो फोडावा लागतो, घडवावा लागतो, म्हणून इंदुरातल्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे समाधीवरच्या खांबांच्या घुमट्या, बघा, तिथे एकेक दगड छिन्नीनं बोलता केलाय. कॅमस्टरच्या माणसांकडे धातूची छिन्नी नव्हतीच. त्यांनी दगडाला वळवलं नाही, दगड जसा निघतो तसा त्याचा उपयोग केला.

ही केर्न १८६५ मध्ये जोसेफ अँडरसन आणि रॉबर्ट शिअरर या दोघांनी उघडली. अँडरसन तेव्हा जवळच्या विक गावातल्या पेपरचा संपादक होता, पुढे तो एडिंबऱ्याच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाचा प्रमुख झाला. आणि योगायोग बघा, ‘निओलिथिक’ म्हणजे नवाश्मयुगीन हा शब्दसुद्धा जॉन लबॉक या इंग्रज अभ्यासकानं आपल्या पुस्तकात पहिल्यांदा वापरला तो १८६५ सालीच. म्हणजे ज्या वर्षी त्या लोकांना नाव मिळालं त्याच वर्षी त्यांचं हे दार उघडलं. अँडरसन-शिअररला बोळ दगडांनी ठासून भरलेला सापडला, वापर संपल्यावर कुणीतरी जाणूनबुजून बंद केलेला. आणि आतल्या खोलीच्या जमिनीत होती राख, जळकी हाडं, मडक्यांच्या खापऱ्या, गारगोटीची हत्यारं.

राख आणि हाडं. हे वाचलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मी बाबांच्या अस्थी सावडल्या त्या दिवशी गुरुजींनी दुधाचं पाणी शिंपडलं आणि राखेतून एकेक तुकडा मी वेचून मडक्यात ठेवला, बोटांना अजून गरम लागत होतं. मग सिमरोल, चोरल, बडवाह करत खेडीघाटला नर्मदेत सोडून आलो. आमच्याकडे तिथे गोष्ट संपते, मडकं रिकामं घेऊन यायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. त्या लोकांचं उलटं. अशा कबरी एका माणसासाठी बांधायचेच नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या त्यांत लोक आणून ठेवायचे, पुन्हा आत जायचे, जुनी हाडं बाजूला सारायचे, नव्यांना जागा करायचे, कोण कुणाचं हे वेगळं राहायचंच नाही. मेलेल्यांचं एक सामाईक घर. म्हणून तर बोळ ठेवला, नाहीतर पुरून वर दगड रचले असते आणि झालं असतं. जाणं-येणं राहावं म्हणून तो बोळ आहे, फक्त जाताना मान खाली घालून जावं लागतं.

तेव्हा तिथे दलदल नव्हती हेही मला नंतर कळलं. शेतीची जमीन होती, लोक राहत होते. पुढे हवा थंड-ओली होत गेली, शेवाळ कुजून कुजून काळी पीट माती चढली आणि शेतं बुडाली. त्या भागातल्या दलदलीला २०२४ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, फ्लो कंट्री म्हणतात. माणसं निघून गेली म्हणून केर्न वाचल्या असं मला वाटतं, कारण जिथे वस्ती राहिली तिथे अशा कितीतरी केर्न शेताच्या कुंपणाच्या भिंतींत गेल्या. आयता फोडलेला, आयता पदर सुटलेला दगड समोर पडलाय आणि शेतकऱ्याला भिंत घालायचीय, कोण सोडेल.

हे मी दुसऱ्यांबद्दल लिहित नाहीये. त्याच्यावर पुढे येतो.

कॅमस्टरच्या केर्नना आज कायद्याचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय एक दगड हलवला, खणलं, नुसतं मेटल डिटेक्टर चालवलं तरी गुन्हा. आजचा कायदा १९७९ चा, पण सुरुवात १८८२ ची आणि तो कायदा आणणारा तोच लबॉक. त्यानं त्याआधी दहा एक वर्षं संसदेत धडका मारल्या, जमीनदार म्हणायचे आमच्या शेतातल्या दगडाचं सरकारला काय. इंग्लंडातल्या एव्हबरीच्या शिळावर्तुळाच्या जागेत घरं उठणार होती तेव्हा त्यानं ती जमीन स्वतः विकत घेतली होती. मला त्या पहिल्या कायद्यातली एक गोष्ट फार आवडली, जमीन मालकाचीच राहायची पण वास्तूचं पालकत्व सरकारकडे घेता यायचं. इंग्रजीत ‘गार्डियनशिप’, पालकत्व हाच अर्थ आहे त्या शब्दाचा. मालकी आणि सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कायद्यात लिहून ठेवलं.

आपल्याकडेही आहे की. मांडूला होशंगशाहच्या कबरीपाशी पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड बघितला नाही असा इंदूरकर नसेल, आम्ही दर श्रावणात जातो. १९०४ चा कायदा, मग १९५८ चा, मग २०१० मध्ये दुरुस्ती होऊन शंभर मीटरच्या आत बांधकाम बंद आणि नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परत आल्यावर मी १९५८ चा कायदा बसून वाचला. त्यात प्राचीन वास्तू कशाला म्हणायचं ते सांगताना इमारत, गुहा, शिलालेख यांच्याबरोबर दफनाचा ढिगारा आणि पुरल्याची जागा हेही स्पष्ट लिहिलंय, आणि अट काय तर निदान शंभर वर्षं जुनं हवं. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत, संरक्षित, खाली कबरी, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. माझं आजोळ नागपूरचं. काटोल रोडनं मी आयुष्यात किती वेळा गेलो असेन आणि एकदाही थांबलो नाही, याचं आता वाईट वाटतं.

पण खरं वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती कधीतरी लिहायचीच होती.

नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट, मी कॉलेज संपवून नुकताच दुकानात बसायला लागलो होतो. तेव्हा आम्ही जुना दगडही घ्यायचो, पाडलेल्या वाड्यांचा घडीव काळा दगड, कंपाउंडच्या भिंतीला, पायथ्याला लोक हौसेनं मागायचे. रस्त्याचं काम करणारा एक ठेकेदार ट्रकभर दगड टाकून गेला. दोन दिवसांत त्यातला निम्मा-अधिक एका गिऱ्हाईकाकडे गेलासुद्धा, भाव मीच ठरवला होता. तिसऱ्या दिवशी उरलेला माल सरकवताना हमाल थांबला आणि म्हणाला, “बाबूजी, इसपे तो पाँव बने हैं.” बाबांनी बादलीभर पाणी ओतलं, हातानं माती पुसली. दोन पावलं, अंगठे नीट वेगळे काढलेले, भोवती कमळाच्या पाकळ्या, आणि खाली दोन ओळी. त्यातलं ‘शके’ एवढंच स्वच्छ वाचता येत होतं, आकडे झिजलेले, नावाच्या जागी छिन्नी लागून कपचा उडालेला. कुणाच्या तरी समाधीचा दगड. बाबांनी ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला रस्त्यात आडवं येत होतं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आणि जुना दगड घेणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं, कुणी वाडा पाडतोय म्हणून कितीही स्वस्तात देऊ केला तरी नाही.

तो दगड आमच्या गोदामात कडुनिंबाखाली आहे, चार विटांच्या ओट्यावर. आई होती तोवर रोज एक फूल ठेवायची. सर्वपित्री अमावास्येला घरच्यांची पानं वाढून झाली की एक पान त्या दगडापुढे जायचं, मी एकदा विचारलं कुणाचं गं हे, तर म्हणाली, “कुणाचे का असेनात, त्यांच्या घरचे आता कुठे शोधणार रे त्यांना.” आता ही ठेवते.

तीस वर्षं मला वाटत होतं आपण तो दगड सांभाळला. ऊन-पाऊस लागतो पण कुणी तोडला नाही, विकला नाही, पूजा होते, आणखी काय पाहिजे. कॅमस्टरच्या त्या खोलीत उभं असताना कळलं की दगड सांभाळला पण जागा गेली. तिथला एकही दगड सुंदर नाही, कोरलेला नाही, एखादा उचलून आमच्या दुकानात ठेवला तर कुणी चौकशी करणार नाही. तो तिथे आहे, खालच्यापेक्षा दोन बोटं पुढे, मागचं शेपूट दाबलेलं, म्हणून तो काहीतरी आहे. आमचा दगड कोरलेला असून, शके लिहिलेलं असून मुका झाला कारण तो ज्या ओट्यावर बसला होता तो ओटा गिऱ्हाईकाच्या भिंतीत गेला, आणि तो मी विकला. ती कॉलनी मला माहितीये, भिंतीला आता पुट्टी-पेंट आहे.

आल्यावर आठवड्याभरात मी त्या वेळचे ट्रकवाले काका शोधून काढले. ऐंशीच्या घरात आहेत, कानाला कमी ऐकू येतं, पण दगडाचं नाव काढल्यावर लगेच म्हणाले, “हाँ भैया, वो पाँव वाला. सिमरोल के आगे, नाले के पास, इमली के नीचे. चार खंभे थे.” चार खांब. म्हणजे नुसती समाधी नाही, छत्री होती. खांब आमच्या ट्रकमध्ये आले नव्हते, ते कुठे गेले ते त्यांनाही माहीत नाही. आणि सिमरोलच्या पुढे म्हणजे खेडीघाटचा रस्ता, बाबांचं मडकं मांडीवर घेऊन मी त्याच ठिकाणावरून गेलो असणार.

परवा रविवारी आम्ही दोघं जाऊन आलो. पोहे खाऊन सकाळी सातला निघालो. रस्ता आता ओळखू येत नाही इतका रुंद झालाय, डोंगराची कड कापलीये, चिंचेचं झाड कुठेच नाही, नाले तीन लागले आणि तिन्ही सारखे. दोन ठिकाणी उतरून मी काठीनं गवत बाजूला करत फिरलो, घडीव कड एखादी वर आलीये का बघत, पण भराव इतका टाकलाय की जुनी जमीन खाली गेली असेल. ही म्हणाली पाऊस संपल्यावर गवत वाळलं की परत येऊ. दगडाचे फोटो, मापं, दोन ओळींचा कागदावर घेतलेला ठसा असं सगळं फाइलमध्ये घालून पुरातत्त्वच्या ऑफिसात द्यायचं ठरवलंय, निदान अक्षरं कुणीतरी वाचेल.

निघताना तिसऱ्या नाल्यापाशी एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाली बाई पंचविशीतली, तिला चिंच माहीत नाही, समाधी माहीत नाही. मी पैसे देत होतो आणि सहज विचारलं या नाल्याला काही नाव आहे का. ती म्हणाली नाव-बिव काही नाही, पण सासूबाई याला छतरीवाला नाला म्हणतात, का म्हणतात ते विचारायला लागेल.

सासूबाई माहेरी गेल्या होत्या. गुरुवारी येणार आहेत.